घाटावरचा आडोसा

कार्तिकातली पहाट, काशीचा पंचगंगा घाट. पलीकडच्या ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या गल्ल्यांत पेशवाईपासून मराठी घरं आहेत, त्यामुळे पायऱ्यांवर लुगडी दिसतात. एक आजी तीन बुड्या मारून वर आल्या, कोरड्या लुगड्याचा पदर दातांत धरला आणि बघता बघता ओलं खाली, कोरडं अंगावर. आडोसा कसलाच नव्हता. दोन हातांवर न्हावी एकाची दाढी करत होता, आजूबाजूला पन्नासेक माणसं. एकाचीही मान वळली नाही. तेवढ्यात नावेतून एका परदेशी पाहुण्यानं कॅमेरा रोखला आणि आजी चटकन पाठमोऱ्या झाल्या. नाव चांगली तीस हात दूर होती.

एडवर्ड हॉल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञानं १९६६ साली ‘द हिडन डायमेन्शन’ या पुस्तकात माणसामाणसांतल्या अंतराची मापं मांडली. अगदी जिव्हाळ्याच्या माणसालाच साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत येऊ द्यायचं, ही त्यातली एक अमेरिकी रेघ. समाज बदलला की रेघही सरकते, हेही त्यानं सांगितलं. काशीच्या विश्वनाथ गल्लीत ती टिकतच नाही. मागचा माणूस पाठीला टेकलेला असतो, मधूनच सांड येतो आणि सगळे भिंतीला चिकटतात. गोदौलिया चौकात दोन मित्र बोटांत बोटं गुंफून चालतात. पाहुण्याला वाटतं, इथे अंतराची कुणाला पर्वाच नाही.

सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्याला हे पटणार नाही. स्पर्शावर इतके नियम, त्यातले कितीतरी अन्यायाचे, दुसऱ्या कुठल्या समाजानं क्वचितच रचले असतील. त्याच समाजानं देवयात्रेत, लग्नात, उत्सवात विटाळ धरू नये अशी सूटही स्मृतींत लिहून ठेवली. (काशीच्या देवळांची दारं सर्वांना उघडायला मात्र स्वातंत्र्यानंतरही झगडावं लागलं.) तीर्थावरचा धक्का म्हणूनच कुणी मनावर घेत नाही. जपायची असते ती नजर. घाटावरचा आडोसा कापडाचा नसतो, शेजाऱ्यांनी न पाहण्यातून तो उभा राहतो आणि कॅमेरा नेमका तोच पाडतो. मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावर चितेपासून चार पावलांवर उभं राहा, सहसा कुणी हटकत नाही. फोटो काढायला लागलात की घरची माणसं, चितेचं काम पाहणारे डोम, नावाडी सगळे धावून येतात.

जर्मनीत राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांना हेच उलट्या बाजूनं भेटतं. बसमध्ये अनोळखी माणसाशेजारची जागा शक्यतो टाळणारे लोक तिथल्या सौनात स्त्री-पुरुष एकत्र, विवस्त्र बसतात. टक लावून बघणं तिथे असभ्यपणाचं, आणि मोबाइल बाहेर ठेवायचा. आपली माणसं संकोचानं दारातूनच परततात. त्यांना या आजींचा घाट आठवला, तर आत पाऊल टाकणं थोडं सोपं जाईल असं मला फार वाटतं.

त्या पहाटे नाव पुढे सरकली तशा आजी वळल्या आणि ओलं लुगडं पिळायला लागल्या. न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला आणि न विचारता दुसरं टोक धरलं.