दूरचित्रवाणीमागील डबी आणि घरमालकावरचा संशय

पेण आणि रोहा ही रायगड जिल्ह्यातील शहरेही आता महानगरांप्रमाणे फायबरच्या जाळ्यात आली आहेत. घरात वाय-फाय राऊटर बसतो, दूरचित्रवाणी संचामागे एखादी छोटी डबी किंवा कांडी लावली जाते आणि चित्रपट, मालिका, क्रिकेटचे सामने तारेशिवाय पडद्यावर येऊ लागतात. ही डबी सर्वसाधारणपणे करमणुकीचे साधन समजली जाते. वास्तविक तो इंटरनेटशी चोवीस तास जोडलेला एक पूर्ण संगणक असतो. घरातल्या संगणकावर विषाणूरोधक प्रणाली बसविणारे कुटुंबही या दुसऱ्या संगणकाकडे कधी वळून पाहत नाही. त्यातून उद्भवणारा धोका मात्र थेट घरमालकाच्या दारापर्यंत येऊ शकतो.

सानपाड्याचा अनुभव

हा धोका किती गंभीर असू शकतो, हे पेणहून मुंबईला जाताना वाटेत लागणाऱ्या नवी मुंबईने २००८ मध्ये अनुभवले. त्या वर्षी २६ जुलै रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल पाठविण्यात आला होता. त्याचा माग काढत तपास यंत्रणा सानपाडा येथील एका अमेरिकी नागरिकाच्या सदनिकेत पोहोचल्या. त्याचे संगणक तपासण्यात आले आणि त्याला दीर्घ चौकशीला सामोरे जावे लागले. त्याची वायरलेस जोडणी पुरेशी सुरक्षित नव्हती व तिचा वापर भलत्यानेच केला होता, असे पुढे समोर आले. त्यानंतर ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाची, तर सप्टेंबरमध्ये दिल्लीतील स्फोटांच्या वेळी चेंबूरमधील एका कंपनीची वाय-फाय जोडणी अशाच कामासाठी वापरली गेली. पुढे २००९ च्या प्रारंभी मुंबई पोलिसांनी असुरक्षित जोडण्या शोधण्याची मोहीमही हाती घेतली.

या प्रकरणांचे मर्म समजून घेणे आवश्यक आहे. इंटरनेटवरील प्रत्येक जोडणीला आयपी क्रमांक असतो. एखादा गुन्हा घडला की पोलीस सेवा पुरवठादाराकडील नोंदी मागवितात आणि त्या क्रमांकावरून ग्राहकाचे नाव व पत्ता मिळवितात. कळफलकावर कोणाची बोटे होती, हे त्या नोंदीत नसते. त्यामुळे चौकशीची पहिली थाप ज्याच्या नावे जोडणी आहे, त्याच्याच दारावर पडते.

आता जवळ येण्याचीही गरज नाही

सानपाड्याच्या वेळी गैरवापर करणाऱ्याला वाय-फायच्या टप्प्यात, म्हणजे इमारतीच्या आसपास यावे लागले होते. आज ती मर्यादा उरलेली नाही. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या अनेक अनामिक अँड्रॉइड डब्यांमध्ये घातक सॉफ्टवेअर कारखान्यातून अथवा विक्रीपूर्वीच भरलेले आढळले आहे. काही डब्यांत ते पहिल्या जोडणीच्या वेळी घ्याव्या लागणाऱ्या अॅपमधून शिरते. अशी डबी घरच्या राऊटरला जोडली की परदेशात बसलेला अनोळखी इसम तिच्यामार्फत त्या घराच्या नावाने इंटरनेट वापरू शकतो. अशा घरगुती जोडण्या भाड्याने देण्याचा चोरटा व्यापारच चालतो. फसवणूक करणाऱ्यांना या जोडण्या सोयीच्या वाटतात, कारण त्यांवरून आलेली विनंती बँकेला वा संकेतस्थळाला सामान्य कुटुंबाकडून आल्यासारखी भासते.

या प्रकाराची व्याप्ती मोठी आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये डॉक्टर वेब या रशियन कंपनीने १९७ देशांतील सुमारे १३ लाख टीव्ही डब्यांना ‘व्हॉइड’ नावाच्या घातक सॉफ्टवेअरची लागण झाल्याचे जाहीर केले. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’ विषयी नागरिकांना सावध केले. पाठोपाठ जुलैमध्ये गुगलने या जाळ्याच्या सूत्रधारांविरुद्ध न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा दाखल केला. त्यात सापडलेल्या उपकरणांची संख्या एक कोटीहून अधिक असल्याचे गुगलचे म्हणणे आहे.

नामांकित कंपनीचे उपकरण घेतले म्हणजे सर्व काही निभावले, असेही नाही. जानेवारी २०१९ मध्ये दोन हॅकरांनी जगभरातील हजारो क्रोमकास्ट उपकरणांवर आपला संदेश झळकविला होता. त्या वेळी दोष प्रामुख्याने राऊटरच्या मांडणीत होता. ‘यूपीएनपी’ ही सुविधा सुरू असल्याने घरातील उपकरणे बाहेरच्या जगाला उघडी पडली होती.

कारखान्याचा हिशेब आणि घरचे वाय-फाय

पेण व परिसरात घर आणि गणेशमूर्तींचा कारखाना अनेकदा एकाच छपराखाली असतो. मूर्तींची मागणी, परगावच्या व्यापाऱ्यांचे हिशेब आणि बँकेचे व्यवहार आता त्याच मोबाईलवर किंवा संगणकावर होतात. रोह्यातही धाटावच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारे अनेक जण कार्यालयाचा लॅपटॉप घरी आणतात. ही सर्व साधने व दूरचित्रवाणीमागील डबी एकाच वाय-फायवर असल्यास एका बाधित उपकरणातून शेजारच्या उपकरणांची चाचपणी करता येते. म्हणजेच मुलांच्या कार्टूनसाठी घेतलेल्या डबीमुळे घराचा व्यवसायही अडचणीत येऊ शकतो.

काय करावे?

‘सर्व वाहिन्या कायम मोफत’ असे सांगून विकली जाणारी डबी घेऊ नये. उपकरण ‘प्ले प्रोटेक्ट’ प्रमाणित आहे का, याची खात्री करावी. ही सुरक्षा बंद करण्यास सांगणारे उपकरण लगेच परत करावे. अॅप अधिकृत दालनातूनच घ्यावेत. ‘डेव्हलपर’ पर्यायातील डीबगिंगची सोय बंद ठेवावी.

राऊटरसोबत आलेला पासवर्ड बदलावा, ‘डब्ल्यूपीए-२’ वा ‘डब्ल्यूपीए-३’ सुरक्षा निवडावी आणि यूपीएनपी बंद करावे. बहुतेक राऊटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे वाय-फाय सुरू करता येते. दूरचित्रवाणी व डबी त्यावर ठेवून मोबाईल आणि संगणक मुख्य जोडणीवर ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. हे काम जमत नसेल तर जोडणी देणाऱ्या केबलचालकाकडून करून घ्यावे.

डबीविषयी शंका आल्यास ती प्रथम वाय-फायवरून तोडावी. घातक सॉफ्टवेअर मूळ प्रणालीतच असेल तर ‘फॅक्टरी रीसेट’ करूनही ते जात नाही; अशी डबी वापरातून काढणेच इष्ट. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. पैसे पुढे वळते होण्याआधी ते रोखण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.

घर भाड्याने देताना भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याची पद्धत पेण-रोह्यातील घरमालकांना परिचित आहे. इंटरनेट जोडणीही घरमालकाच्याच नावावर असते. तिच्यावर कोणकोणती उपकरणे राहावयास आली आहेत, याची यादी राऊटरच्या पानावर दिसते. ती महिन्यातून एकदा पाहिली तरी अनाहूत भाडेकरू वेळीच नजरेस येऊ शकेल.