तगवणारा प्रशिक्षक

२९ ऑगस्ट २०२५. ताजिकिस्तानातल्या हिसोर शहरात भारताचा सामना यजमान संघाशी होता. पाचव्या मिनिटाला केरळच्या मोहम्मद उवैसने बाजूच्या रेषेवर चेंडू उचलला, दोन्ही हातांनी डोक्यामागे नेला आणि थेट गोलपुढच्या गर्दीत भिरकावला. अन्वर अलीने डोकं लावलं, गोल. तेराव्या मिनिटाला संदेश झिंगनने दुसरा केला आणि भारत २-१ असा जिंकला. उवैसचा देशासाठी हा पहिलाच सामना होता, आणि राष्ट्रीय प्रशिक्षक म्हणून खालिद जमीलचाही पहिलाच. उवैस जमशेदपूर क्लबात त्याच्याच हाताखाली खेळलेला. छोट्या छोट्या पासांची नक्षी आवडणारे लोक अशा लांब थ्रोकडे नाक मुरडतात. खालिदचा हिशेब वेगळा: आपल्याकडे जे आहे त्यातून गोल कसा निघेल?

हा हिशेब तो मुंबईत शिकला. जन्म कुवेतचा, २१ एप्रिल १९७७चा. आई-वडील भारतीय. फ्रान्सचा मिशेल प्लाटिनी हा त्याचा आदर्श, आणि लहानपणी एका शिबिरात त्याला प्लाटिनी भेटलाही होता. आखाती युद्धाच्या धामधुमीत कुटुंब भारतात आलं. १९९७च्या सुमारास तो महिंद्राच्या संघात दाखल झाला, तिथून एअर इंडियात गेला आणि पुन्हा महिंद्रात परतला. मुंबईचं फुटबॉल तेव्हा कंपन्या, बँका आणि रेल्वे यांच्या जिवावर चालायचं. महिंद्राने २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकली, आणि २०१०मध्ये कंपनीने संघच बंद केला. कूपरेजच्या मैदानावर जाणारे जुने लोक हा विषय निघाला की अजून हळहळतात.

खालिद खेळायचा मधल्या फळीत. या जागेवरच्या माणसाला पुढे गोलही दिसावा लागतो आणि मागे पडलेलं भगदाडही. आघाडीवीराला वाट पाहायची मुभा असते, बचावपटूला आपला कोपरा सांभाळला की पुरतं; मधल्याला दोन्हीकडे धावावं लागतं आणि धावताना कोण कुठे उभा आहे हे ध्यानात ठेवावं लागतं. प्रशिक्षक होणाऱ्यांत या जागेवरचे खेळाडू इतके का आढळतात, याचं मला पटणारं उत्तर एवढंच.

कोलकात्याच्या दोन्ही बड्या क्लबांकडून त्याला बोलावणं आलं होतं. पण मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोघांच्याही जर्सीवर तेव्हा मद्याच्या कंपन्यांची नावं होती. ती अंगावर घालणार नाही म्हणत खालिदने दोन्हींना नकार दिला. पैसा आणि प्रसिद्धी कोलकात्यात होती, हा मुंबईतच राहिला. नंतर दुखापतींनी गाठलं. २००७मध्ये स्थापन झालेल्या मुंबई एफसीत तो गेला खरा, पण पायांनी साथ दिली नाही. क्लबने त्याच्या हाती १९ वर्षांखालच्या मुलांचा संघ दिला. २००९मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तो मुख्य संघाचा प्रशिक्षक झाला. 

पुढची सात वर्षं कुणाच्या फारशी लक्षात नाहीत, आणि माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतली तीच सगळ्यात मोलाची. आय-लीग ही तेव्हा देशाची मुख्य लीग; तिथे तळाला गेलेला संघ खालच्या श्रेणीत ढकलला जायचा. एकदा खाली गेलं की प्रायोजक जातात, चांगले खेळाडू जातात, आणि क्लबला टाळं लागायला वेळ लागत नाही. मुंबई एफसीकडे कोलकाता-गोव्याएवढा पैसा नव्हता. कूपरेजचं काम निघालं तेव्हा घरचे सामनेही पुण्याच्या बालेवाडीत खेळावे लागले. तरी खालिद होता तोवर संघ एकदाही खाली गेला नाही. ०-० आणि १-१ असे सामने काढायचे, बचाव घट्ट ठेवायचा, फ्री किक आणि थ्रोवर गोल शोधायचा. बघायला कंटाळवाणं होतं, हे मान्य. २०१६मध्ये क्लबने त्याला निरोप दिला. पुढच्याच हंगामात संघ तळाला जाऊन बाहेर पडला आणि क्लब मिटला.

त्याच हंगामात खालिद होता मिझोराममध्ये. ऐझॉल एफसी आदल्या वर्षी खाली ढकलला गेला होता. गोव्याच्या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतल्यामुळे त्याला पुन्हा जागा मिळाली. अशा संघाकडे बेकार झालेला प्रशिक्षक गेला. स्थानिक मिझो पोरं, सीरियाचा महमूद अल-अम्ना, लायबेरियाचा आल्फ्रेड जार्यान, गोव्याचा गोलरक्षक आल्बिनो गोम्स, आणि मुंबई एफसीत खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता. ज्यांना मोठ्या क्लबांनी फार मनावर घेतलं नव्हतं, अशांचीच ही मोट. २२ एप्रिल २०१७ला त्यांनी ऐझॉलच्या डोंगरावरच्या मैदानात मोहन बागानला १-० हरवलं. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये शेवटचा सामना होता आणि बरोबरी पुरणार होती. यजमान लाजाँग क्लबच्या दिपांदा डिकाने नवव्या मिनिटालाच गोल केला. जवळपास तासभर ऐझॉल पिछाडीवर होता. सदुसष्टाव्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली. ऐझॉल ३७ गुण, बागान ३६. ईशान्येकडच्या क्लबाने देशाची लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती.

पुढे ईस्ट बंगाल आणि मोहन बागान दोन्ही झाले. तिथे त्याचं बस्तान बसलं नाही. जानेवारी २०२१मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने परदेशी प्रशिक्षकाला काढून हंगामी म्हणून त्याला उभं केलं, आणि संघ साखळीतले उरलेले सामने न हरता बाद फेरीत पोहोचला. इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) भारतीय प्रशिक्षकाने हे पहिल्यांदाच केलं. त्याच वर्षी तो या लीगमधला पहिला कायम भारतीय मुख्य प्रशिक्षक झाला. लीग २०१४ला सुरू झालेली. एका भारतीयावर विश्वास टाकायला सात वर्षं लागली! पुढचा हंगाम मात्र वाईट गेला. मग २०२३च्या अखेरीस जमशेदपूर: तिथे उपांत्य फेरी, सुपर कपची अंतिम फेरी, आणि लागोपाठ दोनदा अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार.

कोरियाच्या यून जंग-ह्वानची गोष्ट याच्याशी चांगलीच जुळते. तोही मधल्या फळीतला. २००२च्या विश्वचषकात कोरिया उपांत्य फेरीत गेला, तेव्हा तो संघात होता, पण एक मिनिटही मैदानात उतरला नाही. जपानमधल्या सागान तोसू या छोट्या क्लबात तो प्रशिक्षक झाला, २०११मध्ये त्याने क्लबला पहिल्यांदा वरच्या श्रेणीत नेलं, आणि ऑगस्ट २०१४मध्ये संघ तक्त्यात अव्वल असतानाच क्लबने त्याच्याशी फारकत घेतली. २०१७मध्ये त्याने सेरेझो ओसाकाला एकाच हंगामात दोन चषक मिळवून दिले, आणि २०२४मध्ये कोरियातल्या गांगवॉनला लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर आणलं. फरक असा की कोरिया आणि जपानमध्ये अशा माणसाला उद्या दुसरा क्लब मिळतो, कारण तिथे खालपासून वरपर्यंत क्लबांची उतरंड आहे. आपल्याकडे महिंद्रा बंद, मुंबई एफसी बंद. खालिद टिकला तो चिकाटीवर.

१ ऑगस्ट २०२५ला महासंघाने त्याला राष्ट्रीय प्रशिक्षक नेमलं. गोव्याच्या साव्हियो मेडेरानंतर, म्हणजे २०१२नंतर, या पदावर बसलेला हा पहिला भारतीय. सुरुवात ताजिकिस्तानातल्या त्या विजयाने झाली. त्याच स्पर्धेत मग इराणकडून ०-३ हार, अफगाणिस्तानशी ०-० बरोबरी, आणि ८ सप्टेंबरला ओमानवर पेनल्टी शूटआऊटमध्ये विजय. तिसरा क्रमांक मिळाला, वर्तमानपत्रांत कौतुक झालं. मग आशियाई चषकाची पात्रता फेरी. आधीच्या प्रशिक्षकाकडून दोन सामन्यांत एकच गुण वारशात मिळालेला. सिंगापूरमध्ये १-१ बरोबरी झाली. १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्ड्यावर छांगटेने भारताला आघाडी मिळवून दिली, पण सिंगापूरच्या साँग उई-याँगने दोन गोल केले आणि भारताचं पात्रतेचं स्वप्न संपलं. हा साँग मूळचा कोरियातल्या इंचॉनचा, मधल्या फळीतलाच. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनेही १-० हरवलं.

याचा दोष खालिदवर टाकावा का? थोडा टाकावा. आघाडी असताना सामना राखणं हीच त्याची ख्याती, आणि फातोर्ड्यावर नेमकं तेच जमलं नाही. पण क्लबात त्याच्याजवळ रोजचा सराव आणि अख्खा हंगाम असतो. राष्ट्रीय संघ हाती येतो जेमतेम काही दिवस. संघ मुरायला वेळ लागतो, आणि तोच त्याला मिळाला नाही. शिवाय देशात गोल करणारा नवा आघाडीवीर घडत नाही, म्हणून निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला चाळिशीत परत बोलवावं लागलं होतं. ते दुखणं प्रशिक्षकाच्या आधीचं आहे.

पाथर्डीत बसून हे वाचणाऱ्याला वाटेल, आमचा काय संबंध? आपल्याकडे कुस्ती आणि कबड्डी. शालेय स्पर्धांत फुटबॉल असतो, पण बऱ्याचदा नावापुरता. दिवाळीच्या तोंडावर ऊसतोडीचे कोयते निघाले की वर्गातली पोरं आई-बापाबरोबर कारखान्यांच्या फडावर जातात. क्रीडाशिक्षकाने पावसाळाभर बसवलेला संघ अर्धा होतो. उरलेल्या पोरांतून पुन्हा अकरा उभे करणं, हीच विद्या खालिदने मुंबईत सात वर्षं गिरवली. तालुक्यातले कित्येक शिक्षक ती कबड्डीत रोज करतात, फक्त त्यांना कुणी प्रशिक्षक म्हणत नाही.

प्रशिक्षकाच्या शिक्षणातली सुरुवातीची एक पायरी म्हणजे महासंघाचा डी लायसन्सचा अभ्यासक्रम. महाराष्ट्रात तो वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन घेते. तो करायला राष्ट्रीय खेळाडू असावं लागत नाही. पाथर्डी-शेवगावातल्या शिक्षणसंस्थांच्या चालकांनी आपल्या एकेका क्रीडाशिक्षकाला त्यासाठी पगारी रजा द्यावी आणि फी संस्थेने भरावी. जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे चौकशी करायला एक फोन पुरतो.