यवतमाळची शकुंतला आणि परमुलखांतील भांडवल

‘शकुंतला’ हें नांव कानीं पडलें म्हणजे सुशिक्षित मनुष्यास कण्वाचा आश्रम आणि दुष्यंताची अंगठी आठवते. यवतमाळ जिल्ह्यांत मात्र हें नांव घेतलें कीं लोकांच्या डोळ्यांपुढें उभी राहते ती अडीच फुटी रुळांवरून रमतगमत चालणारी आगगाडी. कापसाच्या शेतांमधून ती जाई; आणि बाजारकरी, शाळकरी मुलगा, माहेरवाशीण या सर्वांना तिच्या डब्यांत थोडक्या पैशांत जागा मिळे. या लहानशा गाडीच्या इतिहासांत आजच्या एका फार मोठ्या प्रश्नाचें उत्तर दडलेलें आहे. तो प्रश्न असा : परक्या देशांत, विशेषतः चीनसारख्या देशांत, पैसा गुंतविणाऱ्या व्यापाऱ्याचें भवितव्य काय?

व्यापाऱ्याला धोका नवा नाहीं. भाव उतरतो, पीक बुडतें, गिऱ्हाईक फिरतें. हा बाजाराचा धोका झाला. त्याचा अंदाज थोडाफार तरी खातेवहीवरून बांधतां येतो. परंतु परमुलखांत गेलेल्या भांडवलाच्या मागें आणखी एक धोका असतो. राज्य पालटतें, कायदा बदलतो, काल दिलेला परवाना आज रद्द होतो. माल चांगला, गिऱ्हाईक तयार, हिशेब चोख. तरीहि धंदा बसतो. यालाच राजकीय धोका म्हणतात. राजकीय धोका म्हणजे जप्ती, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः जप्ती हें त्याचें एक रूप होय. आणि तें नेहमींच सर्वांत वाईट रूप असतें असें नव्हे.

प्रथम शकुंतलेचा जन्म पाहूं. १८५३ सालीं निजामाशीं झालेल्या तहानें वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६७ सालीं मुंबईचा लोहमार्ग नागपुरास पोंचला, आणि वऱ्हाडच्या कापसाला बंदराची वाट मोकळी झाली. यवतमाळ मात्र त्या वाटेपासून बाजूला पडलें होतें. तेथील कापूस बैलगाड्यांनीं धामणगांवच्या स्टेशनाकडे न्यावा लागे. ही अडचण हेरून मुंबईच्या किलिक निक्सन या इंग्रजी पेढीनें पुढाकार घेतला. १८५७ सालीं स्थापन झालेल्या या पेढीच्या व्यवस्थेखालीं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी राहिली. तिनें यवतमाळपासून दारव्हा, कारंजा या मार्गानें मूर्तिजापूरपर्यंत सुमारें ११३ किलोमीटर, आणि तेथून अचलपूरपर्यंत सुमारें ७६ किलोमीटर अरुंद रूळ टाकले. मार्ग कंपनीचा, गाड्या चालविणार ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, आणि उत्पन्नाचा ठराविक वांटा कंपनीला, अशी ही व्यवस्था होती. मूर्तिजापुरास कापसाच्या गांठी रुंद मार्गाच्या डब्यांत चढत आणि मुंबईमार्गें परदेशीं जात.

नेमक्या याच अडीच फुटी मापाचे रूळ चीनमध्यें त्यापूर्वींच पडले होते, आणि उखडलेहि गेले होते. १८७६ सालीं जार्डिन मॅथेसन या इंग्रजी पेढीनें शांघाय ते वुसुंग अशी सुमारें नऊ मैलांची आगगाडी सुरू केली. चीनमधील ही पहिली प्रवासी आगगाडी. पण परवानगी होती ती साध्या रस्त्याची. रूळ टाकण्याची नव्हे. चिनी अधिकारी चिडले. त्यांतच एक मनुष्य गाडीखालीं सांपडून मेला आणि लोकहि बिथरले. अखेर चिनी सरकारनें २,८५,००० टेल चांदी देऊन ती आगगाडी विकत घेतली, आणि पैसे चुकते होतांच १८७७ सालीं प्रांताधिपति शेन बाओझेन यांच्या हुकमानें रूळ उखडून टाकले. पेढीला आपले पैसे मिळाले. गाडी गेली ती लोकांची; त्या वाटेनें पुन्हां आगगाडी धावावयास १८९८ साल उजाडावें लागलें. राजकीय धोक्याचें हें पहिलें रूप : एक घाव आणि दोन तुकडे.

दुसऱ्या रूपाची कथा मुंबईहूनच निघते. ससून घराण्याचा मूळ पुरुष डेव्हिड ससून हा बगदादचा. तो १८३२ सालीं मुंबईस येऊन स्थायिक झाला. त्याच्या वंशजांनीं मुंबईंत कापडाच्या गिरण्या चालविल्या आणि शांघायपर्यंत व्यापार पसरविला. १९३० च्या सुमारास त्या घराण्यांतील सर व्हिक्टर ससून यांना मुंबईची चळवळ आणि वाढते कर यांची धास्ती वाटूं लागली. त्यांनीं आपलें लक्ष आणि भांडवल शांघायकडे वळविलें. तेथें परदेशी लोकांची स्वतंत्र वसाहत होती, आणि त्यांपैकीं अनेकांना त्यांच्याच देशाचे कायदे लागू होते. तेथील कॅथे हॉटेल त्यांनीं १९२९ सालींच बांधलें होतें. पुढें १९३७ पासून जपानशीं युद्ध झालें, १९४३ सालीं इंग्रजांनीं आपले खास हक्क सोडले, आणि १९४९ च्या मे महिन्यांत शांघाय कम्युनिस्टांच्या हातीं गेलें. ससूनांची तेथें उरलेली मालमत्ता बुडाली. मुंबईच्या उन्हाला भिऊन ते ज्या झाडाखालीं गेले, तेंच झाड वादळांत कोसळलें.

त्या काळीं शांघायमधील बऱ्याच इंग्रजी कंपन्यांवर एकदम जप्ती आली नाहीं. त्यांना धंदा बंद करूं दिला नाहीं, आणि नीट चालवूंहि दिला नाहीं. कामगार कमी करावयाचा नाहीं, कर वेळेवर भरावयाचा. आणि कारखाना तोट्यांत असला तरी पगारासाठीं बाहेरून पैसा आणावयाचा. व्यवस्थापकालाहि देश सोडण्याचा परवाना सहजीं मिळत नसे. शेवटीं अनेक कंपन्यांनीं देणीं फिटावींत म्हणून आपली मालमत्ता स्वखुषीनें दिल्यासारखी करून सोडून दिली. हें राजकीय धोक्याचें दुसरें रूप : गळा न कापतां श्वास कोंडणें.

आतां पुन्हां यवतमाळकडे वळूं; कारण तिसरें रूप तेथें दिसतें. देश स्वतंत्र झाला. १९५१ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे मध्य रेल्वेंत विलीन झाली. शकुंतलेचा मार्ग मात्र कंपनीचाच राहिला. तो कोणीं जप्त केला नाहीं, आणि विकतहि घेतला नाहीं. जुना करार वेळोवेळीं पुढें चालत राहिला. वरकरणीं पाहतां कंपनीच्या दृष्टीनें याहून सुरक्षित स्थिति कोणती? परंतु परिणाम काय झाला तें पाहण्यासारखें आहे. जो मार्ग उद्यां आपला राहील कीं नाहीं याची खात्री नाहीं, त्यावर मालकानें मोठा खर्च कां करावा? आणि जो मार्ग आपल्या मालकीचा नाहीं, त्यावर सरकारनें तरी तिजोरी कां रिती करावी? भाड्याच्या वाड्याचें जें होतें तेंच येथें झालें. भाडेकरू म्हणतो घर मालकाचें. मालक म्हणतो राहतो भाडेकरू. आणि पावसांत गळतें तें दोघांच्याहि डोक्यावर नव्हे, तर आंत निजलेल्या मुलांवर.

मँचेस्टर येथें १९२१ सालीं तयार झालेलें वाफेचें एंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत या मार्गावर राबलें. त्यानंतर डिझेलचें एंजिन आलें. रूळ जुने झाले, गाडीचा वेग उतरत गेला, आणि आतां गाड्या बंदच आहेत. ज्यांना मोटारीचें भाडें जड जातें अशा दारव्ह्याच्या आणि कारंज्याच्या गरीब उतारूंना याची झळ लागली. रुंद मार्गाची मागणी जिल्ह्यानें वर्षानुवर्षें केली. पुढें वर्धा-यवतमाळ-नांदेड हा नवा मार्ग आंखण्यांत आला, आणि त्यांपैकीं वर्धा ते कळंब हा भाग २०२४ च्या फेब्रुवारींत सुरू झाला. नवी गाडी जिल्ह्यांत आली ती दुसऱ्याच वाटेनें. जुन्या वाटेवरचीं गांवें जेथल्या तेथें राहिलीं.

या तीन रूपांवरून आजच्या चीनकडे पाहिलें म्हणजे पुष्कळ गोष्टी उलगडतात. १९७९ सालीं चीननें भागीदारीचा कायदा करून परदेशी भांडवलाला दार उघडलें, आणि १९८० सालीं शेनझेनसारखीं खास क्षेत्रें स्थापिलीं. चाळीस वर्षांत तेथें जगाचे कारखाने उभे राहिले. २०२० सालीं अंमलांत आलेल्या नव्या गुंतवणूक कायद्यानें परदेशी व्यापाऱ्याला समान वागणुकीचें आश्वासन दिलें. पण २०२१ सालीं माहिती देशाबाहेर नेण्यावर कडक निर्बंध आले, आणि २०२३ सालीं हेरगिरीविरोधी कायद्याची व्याप्ति वाढली. एक हात या म्हणतो, दुसरा थांबा म्हणतो. उलट दिशेनेंहि तोच अनुभव आहे. २०२० च्या एप्रिलमध्यें भारतानें शेजारी देशांतून येणाऱ्या भांडवलाला सरकारी मंजुरी आवश्यक केली, आणि सरहद्दीवरील चकमकीनंतर जूनमध्यें ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली. दोन शेजाऱ्यांत वैर आलें म्हणजे दोहोंकडच्या दुकानदारांना तें भोवतें.

म्हणून चीनमधील परदेशी धंद्याचें भवितव्य वुसुंगच्या आगगाडीसारखें असण्यापेक्षां शकुंतलेसारखें असण्याचा संभव अधिक. चालू कारखाना कोणी सहसा उखडीत नाहीं. पण त्यांत नवा पैसा घालण्यास मालक कचरतो, आणि मालक कचरतो म्हणून सरकारचा विश्वास उडतो. धंदा मरत नाहीं आणि वाढतहि नाहीं. त्याची किंमत मोजतात ती त्या कारखान्यावर पोट असलेलीं माणसें.

यांतून घेण्याजोगा धडा हा कीं, परक्या भांडवलाशीं करार करतांना नफ्याच्या वांट्याइतकेंच महत्त्व आणखी तीन गोष्टींना द्यावें : करार संपावयाचा केव्हां, संपतांना किंमत ठरवावयाची कशी, आणि तोंपर्यंत दुरुस्तीचा खर्च कोणीं करावयाचा. हीं तीन कलमें मोघम राहिलीं, तर राजा बदलल्यावर जुन्या वचनाची ओळख कोणालाच पटत नाहीं. नाटकांतल्या शकुंतलेची अंगठी निदान माशाच्या पोटांत सांपडली. यवतमाळच्या शकुंतलेची अंगठी कराराच्या कागदांतच होती. ती वेळीं बाहेर काढून दाखविण्याचें काम मात्र कोणीं केलें नाहीं.