जँगोमधील स्थिर पृष्ठ

जँगोमधील स्थिर पृष्ठ म्हणजे जँगो या पायथॉन भाषेतील वेब फ्रेमवर्कवर चालणाऱ्या संकेतस्थळाचे असे पान, ज्याचा मूळ मजकूर वाचकागणिक किंवा वेळेगणिक बदलत नाही. 'आमच्याविषयी', 'संपर्क', 'गोपनीयता धोरण' ही अशा पानांची नेहमीची उदाहरणे होत. असे पान दाखवण्यासाठी स्वतंत्र प्रोग्राम लिहिण्याची गरज नसते. साचा आणि पत्ता यांची सांगड घातली की पुरते.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स येथून निघणाऱ्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या वृत्तपत्रात एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये जँगोची उभारणी सुरू केली. जुलै २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून त्याचे नाव ठेवले आहे. रोज बदलणाऱ्या बातम्यांसाठी घडलेल्या या फ्रेमवर्कमध्ये न बदलणाऱ्या पानांचीही सोय आहे.

स्थिर पान वेब सर्व्हर एकटाही देऊ शकतो. तथापि, ते जँगोमार्फत दिल्यास संपूर्ण संकेतस्थळाचे शीर्षक, मेनू आणि तळटीप एकाच मूळ साच्यातून घेता येतात. मेनूत बदल झाला, तर प्रत्येक पान स्वतंत्रपणे दुरुस्त करावे लागत नाही.

कार्यपद्धती

ब्राउझरकडून मागणी आली की जँगो तिचा पत्ता पत्त्यांच्या यादीशी वरून खाली ताडून पाहतो. पहिली जुळणारी नोंद ज्या व्ह्यूकडे बोट दाखवते, तो व्ह्यू उत्तर तयार करतो. स्थिर पानासाठी 'टेम्प्लेटव्ह्यू' हा तयार व्ह्यू वापरतात. मार्च २०११ मध्ये आलेल्या १.३ या आवृत्तीपासून तो उपलब्ध आहे. त्याच्या 'ॲज-व्ह्यू' या पद्धतीला साच्याचे नाव दिले की पत्त्यांच्या यादीतील एका ओळीत काम होते.

साचा प्रकल्पाच्या मांडणीत नमूद केलेल्या फोल्डरमध्ये, किंवा तशी परवानगी दिली असल्यास संबंधित ॲपच्या 'टेम्प्लेट्स' या फोल्डरमध्ये शोधला जातो. तो न सापडल्यास 'टेम्प्लेट-डज-नॉट-एक्झिस्ट' ही त्रुटी येते. फोल्डरचे नाव चुकणे किंवा ॲपची नोंद करायची राहणे ही तिची सामान्य कारणे असतात.

फ्लॅटपेजेस

टेम्प्लेटव्ह्यूमधील मजकूर बदलायचा, तर साच्याची फाइल बदलावी लागते. प्रोग्रामिंग न जाणणाऱ्या संपादकाला मजकूर बदलता यावा, म्हणून जँगोसोबत 'फ्लॅटपेजेस' हे ॲप मिळते. त्यात पानाचा पत्ता, शीर्षक आणि मजकूर डेटाबेसमध्ये साठवले जातात आणि प्रशासन पटलावरून बदलता येतात. त्याचे मिडलवेअर यादीच्या शेवटी ठेवतात. पत्ता न सापडल्याचे ४०४ हे उत्तर तयार झाल्यावरच ते डेटाबेसमध्ये पान शोधते. फ्लॅटपेजमधील एचटीएमएल जसेच्या तसे दाखवले जाते. त्यामुळे ते लिहिण्याचा अधिकार विश्वासू व्यक्तींनाच द्यावा लागतो.

स्थिर पृष्ठ आणि स्थिर फाइल

या दोन संज्ञांची गल्लत वारंवार होते. चित्रे, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट यांना जँगोमध्ये स्थिर फाइली म्हणतात. त्यांची व्यवस्था 'स्टॅटिकफाइल्स' हे वेगळे ॲप पाहते. 'डीबग' चालू असताना विकासासाठीचा सर्व्हर या फाइली स्वतःच पुरवतो. संकेतस्थळ लोकांसाठी खुले करताना डीबग बंद केले, की ही सोय थांबते आणि पानाचा मजकूर दिसला तरी रंगरूप नाहीसे होते. यासाठी 'कलेक्टस्टॅटिक' ही आज्ञा देऊन सर्व फाइली एका जागी गोळा करतात आणि त्या पुरवण्याचे काम एनजिनएक्ससारख्या वेब सर्व्हरकडे किंवा 'व्हाइटनॉइज'कडे सोपवतात. डीबग चालूच ठेवणे हा यावरचा उपाय नव्हे. त्रुटी येताच संकेतस्थळाच्या आतील तपशील परक्यांसमोर उघड होतात.

डीबग बंद असताना साचे स्मृतीत साठवून ठेवले जातात. त्यामुळे साच्यात केलेला बदल दिसण्यासाठी सर्व्हरवरील प्रक्रिया पुन्हा सुरू करावी लागते.

देवनागरी मजकूर

जँगोचे उत्तर मुळातच यूटीएफ-८ या संकेतनात जाते. त्यामुळे मराठी पानासाठी वेगळी मांडणी लागत नाही. मात्र साच्याची फाइलही त्याच संकेतनात साठवलेली असावी. पत्ता देवनागरीत लिहिता येतो, परंतु पत्त्यातील बदलता भाग 'स्लग' प्रकाराचा ठेवल्यास देवनागरी अक्षरे जुळत नाहीत, कारण तो केवळ रोमन अक्षरे, इंग्रजी अंक, जोडरेघ आणि अधोरेषा स्वीकारतो. तेथे 'एसटीआर' हा प्रकार वापरावा लागतो. देवनागरीतील प्रत्येक वर्ण वा मात्रा यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट व्यापते आणि दुव्यात तिची ९ चिन्हे होतात. त्यामुळे दुवा अन्यत्र उतरवताना तो फार लांब दिसतो.