तीस अंशांचा भरवसा

हेअर स्ट्रेटनर पुरता तापवला की त्याच्या पट्ट्या साधारण 230 अंश सेल्सिअसपर्यंत जातात. नॉन-स्टिक लेपातले पीटीएफई, म्हणजे आपल्या बोलण्यातले टेफ्लॉन, 260 अंशांच्या पुढे बिघडू लागते. मधे उरले तीस अंश. एवढ्यावर बहुतेक जण निर्धास्त असतात. धूर दिसत नाही, वास येत नाही, मग खिडकीशी टांगलेल्या पिंजऱ्यातल्या बजरीगरला काय होणार? वजाबाकी बरोबर आहे, पण ती माणसाच्या मापाने केलेली आहे.

आता पक्ष्याचे माप घेऊ. बजरीगर (बाजारात यालाच सर्रास लव्हबर्ड म्हणून विकतात) भरतो 35 ग्रॅमच्या आसपास. 60 किलोचा माणूस त्याच्या सुमारे 1,700 पट. लासिएव्स्की आणि कॅल्डर या शास्त्रज्ञांनी 1971 साली पक्ष्यांच्या वजनावरून श्वासाचा अंदाज बांधायचे सूत्र मांडले. त्यात 35 ग्रॅम घातले की उत्तर येते मिनिटाला जेमतेम वीस-एकवीस मिलिलिटर हवा. स्वस्थ बसलेला माणूस तेवढ्याच वेळात सहा लिटर घेतो. पण दोन्ही आकडे ज्याच्या त्याच्या वजनाने भागून पाहा: दर ग्रॅममागे पक्षी माणसाच्या सहापट हवा ओढतो.

आणि ओढलेल्या हवेतले फारसे काही सोडत नाही. आपली फुप्फुसे भात्यासारखी फुगतात, मिटतात. ताज्या हवेत शिळी मिसळते. पक्ष्याची फुप्फुसे जवळजवळ हलतच नाहीत. बहुतेक पक्ष्यांच्या शरीरात नऊ वायुकोश असतात, ते हवा ढकलतात आणि ती फुप्फुसातून एकाच दिशेने वाहत राहते. श्वास आत घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा. आपल्या फुप्फुसातला हवेचा फुगा सुमारे 200 मायक्रोमीटरचा. पक्ष्याच्या हवेच्या केशनलिका 3 ते 10 मायक्रोमीटरच्या, आणि हवा व रक्त यांच्यामधला पडदा आपल्यापेक्षा कितीतरी पातळ. हिवाळ्यात जायकवाडी आणि उजनीच्या पाण्यावर उतरणारे पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात, 7,000 मीटरहून उंच उडाल्याची त्यांची नोंद आहे आणि तिथे प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी मिळतो. त्यांना तारणारी फुप्फुसाची हीच रचना बजरीगरच्या मुळावर येते. हवेत प्राणवायू असला तर तो आधी पक्ष्याला मिळणार, विष असले तर तेही.

इंग्रजांच्या कोळसा खाणींना हे ठाऊक होते. कार्बन मोनॉक्साइडचा सुगावा लागावा म्हणून 1911 पासून खाली कॅनरी नेत, ते 1986 पर्यंत.

आता विषाचे माप घेऊ. पीटीएफई रॉय प्लंकेट यांना 1938 साली ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत योगायोगाने सापडले. जीव घ्यायला त्याचा धूर किती पुरतो, हे अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात ओबरडॉर्स्टर यांच्या गटाने 1990 च्या दशकात उंदरांवर पाहिले. चारशेहून अधिक अंशांना तापवलेल्या पीटीएफईचे ताजे कण सुमारे 18 नॅनोमीटरचे होते. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे चार हजारांवर कण ओळीने बसतील. घनमीटरला सुमारे 50 मायक्रोग्रॅम एवढ्या मात्रेचा अर्ध्या तासापर्यंतचा संपर्कही जीवघेणा ठरला. उंदरांच्या फुप्फुसात रक्तस्राव झाला. आपल्याकडे हवेतल्या पीएम 2.5 ची चोवीस तासांची कायदेशीर मर्यादा 60 मायक्रोग्रॅम आहे. जवळपास तोच आकडा, फक्त कण निराळे.

हा आकडा घरात आणू. दहा बाय बाराची खोली, छत दहा फुटांवर, म्हणजे सुमारे 34 घनमीटर हवा. ती सगळी त्या पातळीला नेण्यासाठी लागतील 1.7 मिलिग्रॅम. तांदळाचा दाणा वीस मिलिग्रॅमचा धरला, तर त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. रोचेस्टरच्या प्रयोगातल्या हवेत दर घनसेंटीमीटरला सुमारे पाच लाख कण होते. आपला बजरीगर मिनिटाला वीस घनसेंटीमीटर ओढतो. मिनिटाला एक कोटी कण! आणि ते 35 ग्रॅमच्या जिवात.

माणसाला त्या धुराने थंडीताप भरतो, एक-दोन दिवसांत उतरतो. पक्षी धापा टाकतो, शेपटी वरखाली हलू लागते, तो दांडीवरून खाली पडतो. पुष्कळदा हे सगळे काही मिनिटांत आटोपते. उतारा नाही.

चारशे अंश स्ट्रेटनरला कुठले, असे कोणी म्हणेल. म्हणणे रास्त आहे. पण मिसूरी विद्यापीठाच्या संशोधकांनी नोंदवलेली कोंबडीच्या पिल्लांची घटना माझ्या डोक्यातून जात नाही. पिल्लांना ऊब देणाऱ्या दिव्यांवर पीटीएफईचा लेप होता आणि हजाराच्या घरात पिल्ले दगावली. दिव्याच्या पृष्ठभागाचे तापमान होते सुमारे 200 अंश. तीस अंशांचा भरवसा तिथेच संपतो.

शिवाय लेप नसला तरी सुटका नाही. खोक्यावर ‘सिरॅमिक’ लिहिलेले असते, त्यावर आणखी काय थापले आहे ते क्वचितच लिहितात. समजा काहीच थापलेले नाही; केसाला लावलेले सिरम, स्प्रे, क्रीम आहेच. पर्ड्यू विद्यापीठाच्या 2025 सालच्या अभ्यासानुसार अशी उत्पादने लावून दहा-वीस मिनिटे केस तापवले, तर माणसाच्या श्वसनमार्गात 1,000 कोटींहून अधिक नॅनोकण जाऊन बसू शकतात, आणि 150 अंशांच्या पुढे त्यांची संख्या झपाट्याने वाढते. हे कण पीटीएफईइतके जहाल आहेत असे मी म्हणत नाही. पण पिंजरा आरशाशेजारी असेल तर ते पक्ष्याच्याही छातीत जाणार.

तेव्हा स्ट्रेटनर, कर्लर, ड्रायर आणि पक्षी एका हवेत नकोत. एका घरात चालतील, पण मधे बंद दार हवे. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, त्यामुळे तो लावून उपयोग नाही. एका खोलीचेच घर असेल तर केसांचे काम न्हाणीघरात, दार लावून आणि एक्झॉस्ट चालू ठेवून करा, आणि संपल्यावर तो पंखा आणखी थोडा वेळ चालू राहू द्या. ‘नॉन-स्टिक’ किंवा ‘पीटीएफई’ लिहिलेले उपकरण पक्षी असलेल्या घरात आणूच नका. नवे कोणतेही आणले तरी पहिल्यांदा घराबाहेर तापवा. आणि पक्षी धापा टाकताना दिसला तर कारण शोधत बसू नका, आधी त्याला मोकळ्या हवेत न्या आणि मग थेट पशुवैद्याकडे.