दोन डॉलरचा 'चेक'!

तोट्यात बुडालेलं चॅनल. कुलूप लागायची तारीख ठरलेली. बाहेरून खरेदीदार एकही नाही. मग ते विकत घेतलं कुणी? तिथेच नोकरी करणाऱ्यांनी! कॅनडातल्या एका छोट्या न्यूज चॅनलची ही गोष्ट, नोकरी करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी वाचावी अशी...

दोन डॉलरमध्ये काय येतं? २००९ सालच्या दराने कॅनडाचे दोन डॉलर म्हणजे जेमतेम नव्वद रुपये. एखाद्या चकाचक कॉफी शॉपमधली एक बरी कॉफी, बस्स. आणि त्याच वर्षी त्याच पैशात एक अख्खं टीव्ही चॅनल विकलं गेलं! स्टुडिओ, कॅमेरे, न्यूजरूम, पन्नासहून जास्त वर्षांचं नाव, सगळ्यासकट.

थांबा, लगेच 'आयला, मी पण घेतलं असतं' म्हणू नका. कारण एवढ्या स्वस्तात मिळणारी वस्तू घरी आणली की खरा खर्च दुसऱ्या दिवशी सुरू होतो. हत्ती फुकट मिळाला तरी त्याला रोज खायला घालावं लागतंच की!

मीडियात फ्रीलान्सिंग करते म्हटल्यावर चॅनल बंद पडल्याच्या, लोकांना एका मेलवर घरी पाठवल्याच्या बातम्या माझ्या कानावर सतत येतात. 'मालक बदलला' हे शब्द ऐकले की न्यूजरूममध्ये पहिला प्रश्न एकच असतो, आता कुणाकुणाचा नंबर? म्हणूनच मालक बदलल्यावर चॅनल सुधारलं, असं एखादं उदाहरण सापडतंय का ते मी शोधायला लागले. सापडलं ते थेट पॅसिफिक महासागराच्या काठावर.

बेटावरचं चॅनल

कॅनडाच्या पश्चिम टोकाला व्हँकुव्हर आयलंड नावाचं मोठ्ठं बेट आहे. गंमत म्हणजे व्हँकुव्हर शहर या बेटावर नाही, ते समोरच्या किनाऱ्यावर. बेटावर आहे व्हिक्टोरिया, म्हणजे ब्रिटिश कोलंबिया प्रांताची राजधानी. तिथे १ डिसेंबर १९५६ ला एक टीव्ही स्टेशन सुरू झालं. त्याचं नाव सी-एच-ई-के. उच्चार सरळ 'चेक'.

बेटावर राहणाऱ्यांच्या काळज्या वेगळ्या असतात. वाऱ्यामुळे आज फेरी बोट रद्द झालीय का? मालाहाटचा घाटरस्ता अपघातामुळे बंद आहे का? विधानसभेत काय चाललंय? व्हँकुव्हरच्या मोठ्या चॅनलसाठी हे सगळं 'समुद्रापलीकडचं'. चेकसाठी मात्र हीच हेडलाइन. आपल्याकडे मुंबईत थोडा पाऊस पडला की दिवसभर लाइव्ह आणि कोकणातली अख्खी दरड दोन ओळींत... तसंच काहीसं.

पण चॅनल बेटाचं असलं तरी मालकी हळूहळू बेटाबाहेर गेली. हातबदल होत होत २००० साली ते कॅनवेस्ट या बड्या कंपनीकडे आलं. कॅनवेस्टचं हेड ऑफिस विनिपेगला, म्हणजे व्हिक्टोरियापासून जवळपास दोन हजार किलोमीटर लांब. २००१ मध्ये चॅनलचं नाव बदलून 'सीएच' झालं. २००७ मध्ये पुन्हा बदललं आणि ते झालं 'ई!'. हो, तेच ते हॉलिवूड गॉसिपवालं! फेरी बोटींच्या बातम्या देणाऱ्या स्टेशनवर आता रेड कार्पेट आणि सेलिब्रिटींची लफडी.

यामागे धंद्याचा एक सॉलिड फंडा होता. कॅनडात नियम असा की, एखादी अमेरिकन सीरियल कॅनडाच्या आणि अमेरिकेच्या चॅनलवर एकाच वेळी लागत असेल, तर केबलवाल्याने अमेरिकन चॅनलवरही कॅनडाच्याच चॅनलचं प्रक्षेपण दाखवायचं, जाहिरातींसकट. म्हणजे हिट अमेरिकन शो विकत घ्या, जाहिराती डबल बघितल्या जातात! पण चांगले शो कॅनवेस्टच्या मोठ्या चॅनलकडे, 'ग्लोबल'कडे जायचे. धाकट्या भावाच्या वाट्याला मोठ्याचे उतरलेले कपडे यावेत, तशी उरलीसुरली मालिका 'ई!'च्या वाट्याला. त्यामुळे बातम्या सोडल्या तर प्रेक्षकांनी हेच चॅनल बघावं असं कारणच उरलं नाही.

...आणि आलं रिसेशन

२००८ ची मंदी आठवतेय? जाहिराती आटल्या. त्यात वर्तमानपत्रं आणि चॅनल विकत घेण्याच्या नादात कॅनवेस्टच्या डोक्यावर जवळपास चारशे कोटी डॉलरचं कर्ज झालं होतं. 'ई!'ची स्टेशनं विकायला काढली. २२ जुलै २००९ ला चेकमधल्या लोकांना सांगण्यात आलं, ३१ ऑगस्टला दुकान बंद.

हातात जेमतेम सहा आठवडे. आपण काय केलं असतं? बायोडेटा अपडेट केला असता, जुन्या बॉसला फोन केला असता, ईएमआयचा हिशेब मांडला असता. तिथल्या सुमारे ४० लोकांनी हे केलं नसेल असं नाही. पण जनरल मॅनेजर जॉन पोलार्ड यांच्या पुढाकाराने त्यांनी आणखीही एक गोष्ट केली. त्यांनी चॅनल विकत घ्यायचं ठरवलं.

कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या खिशातून मिळून ५ लाख डॉलर उभे केले. सरासरी काढली तर माणशी साडेबारा हजार डॉलर, म्हणजे तेव्हाचे पाच-साडेपाच लाख रुपये. हा काही बोनसमधून उरलेला पैसा नव्हे. नोकरी जाणार हे माहीत असताना काढलेली ही बचत! स्थानिक गुंतवणूकदारांनी आणखी सुमारे २० लाख डॉलर घातले.

त्यांच्यात एक नाव होतं लेव्ही सॅम्पसन. हा तरुण उद्योजक या खेळात नवखा नव्हता. याच बेटावर ननाइमो गावात हार्मॅक नावाची कागदाच्या लगद्याची गिरणी आहे. २००८ मध्ये तिची मालक कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा कामगारांनी प्रत्येकी २५ हजार डॉलर घालून काही गुंतवणूकदारांबरोबर गिरणी घेतली आणि त्याच वर्षी पुन्हा सुरू केली. सॅम्पसन त्या व्यवहारात होता. 'असं होऊ शकतं' याचा पुरावा शेजारच्याच गावात धूर सोडत उभा होता!

तरी कॅनवेस्टने पहिली ऑफर नाकारली. आता संपलंच म्हणेपर्यंत बोलणी पुन्हा सुरू झाली आणि ४ सप्टेंबरला जाहीर झालं, डील डन! किंमत दोन डॉलर. उरलेला पैसा कशासाठी? चॅनल चालू ठेवायला. पगार, वीज, कार्यक्रमांचे हक्क, नवी यंत्रणा. नोव्हेंबरमध्ये प्रक्षेपण नियामक सीआरटीसीनेही मंजुरी दिली. आणि कॅनवेस्ट? तिने ६ ऑक्टोबरलाच न्यायालयाकडे कर्जदारांपासून संरक्षण मागितलं होतं.

नवा मालक म्हणजे शेजारच्या टेबलवरचा

सगळ्यात आधी जुनं नाव परत आलं, 'चेक'. हॉलिवूडची झूल उतरली. गाळलेला वेळ भरायला स्वस्तात मिळणारे सिनेमे आणि मालिका घेतल्या, पण पोटापाण्याचा मुख्य धंदा ठरला बातम्यांचा. व्हिक्टोरियाच्या, ननाइमोच्या, बेटावरच्या.

मला इथे सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो तो निर्णयाचा प्रवास. आधी 'आज काय दाखवायचं' हे हजारो किलोमीटरवरच्या एक्सेल शीटमध्ये ठरायचं. आता ते ठरवणारी माणसं त्याच फेरीने प्रवास करणारी, त्याच घाटात अडकणारी. जाहिरात देणारा दुकानदारही ओळखीचा. त्याला अख्ख्या कॅनडाला काही विकायचं नसतं. त्याला गिऱ्हाईक हवं असतं बेटावरचं, आणि बेटावरचा प्रेक्षक त्याला चेकवरच भेटणार.

म्हणून सगळं गोड गोड झालं का? मुळीच नाही. दोनच वर्षांनी, ३१ ऑगस्ट २०११ ला कॅनडाच्या मोठ्या शहरांमध्ये ॲनालॉग टीव्ही बंद करून डिजिटल करणं सक्तीचं झालं. म्हणजे नव्या ट्रान्समीटरचा खर्च. लहान बाजारातल्या स्थानिक कार्यक्रमांना आधार म्हणून सीआरटीसीने एक निधी सुरू केला होता, तो २०१४ पर्यंत गुंडाळला गेला. २०१७ मध्ये स्वतंत्र चॅनलच्या स्थानिक बातम्यांसाठी दुसरा निधी आला, तेव्हा कुठे हायसं वाटलं. मग २०२३ मध्ये नवा झटका. बातम्यांचे पैसे द्यायला लावणाऱ्या कायद्यावरून भांडण झालं आणि मेटाने कॅनडात फेसबुक-इन्स्टाग्रामवर बातम्याच दिसेनाशा केल्या.

तरीही, २००९ च्या ऑगस्टमध्ये मरणार होतं ते चॅनल आजही चालू आहे. आता त्याचं स्वतःचं स्ट्रीमिंग ॲपही आहे.

त्याच वर्षी, बाकीच्यांचं काय झालं?

● रेड डिअर (अल्बर्टा) : कॅनवेस्टचंच स्टेशन. खरेदीदार मिळाला नाही. ३१ ऑगस्ट २००९ ला बंद.

● ब्रँडन (मॅनिटोबा) : सीटीव्ही कंपनीचं स्टेशन. फक्त एक डॉलरला विकायला काढलं होतं. घेतो म्हणणारे मागे फिरले. २ ऑक्टोबर २००९ ला बंद.

● हॅमिल्टन (ओंटारिओ) : सीएचसीएच हे कॅनवेस्टचं स्टेशन माँट्रियलच्या स्टेशनसह १२ डॉलरला चॅनल झीरो या कंपनीने घेतलं. दिवसभर बातम्यांचा प्रयोग केला. पण डिसेंबर २०१५ मध्ये बातम्या बनवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली. सगळ्यांना काढलं, काहींनाच परत घेतलं.

म्हणजे 'नवा मालक आला की भलं होतं' हा नियम नाहीच. मालक कोण आहे आणि त्याचं काय पणाला लागलंय, यावर सगळं आहे.

आपण घातले असते?

ही स्टोरी लिहिताना मी माझ्या आयटीतल्या, बँकेतल्या, एजन्सीतल्या दोस्तांना एकच प्रश्न विचारत सुटले, तुझी कंपनी बुडतेय, पाच लाख घालशील? बहुतेकांनी आधी हसून घेतलं. मग एकेकाचं उत्तर आलं, आणि ते 'नाही'च होतं. गंमत म्हणजे कारण पैशाचं नव्हतं. कंपनी वाचवावी इतकी आपली वाटतच नाही, हे कारण होतं.

त्यांचं चुकतंय असंही नाही. पर्सनल फायनान्सचा कुठलाही सल्लागार सांगेल की पगार आणि बचत एकाच टोपलीत ठेवू नका. टोपली पडली तर दोन्ही फुटणार. आपल्या मुंबईतही कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज १९८५ मध्ये बंद पडली होती. कामगारांच्या संघटनेने ती चालवायची योजना मांडली, १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून मंजुरी मिळाली आणि कामगार स्वतः मालक झाले. सुरुवातीला कारखाना चाललाही. पण पुढे तो प्रयोग टिकला नाही. मालकी हातात आली म्हणून बाजार दया दाखवत नाही.

मग चेक का टिकलं? मला तीन कारणं दिसतात. एक, त्यांच्याकडे असा माल होता जो दुसरं कुणी देत नव्हतं. बेटाची बातमी. दोन, कर्मचारी एकटे नव्हते. धंदा कळणारे, पैसा घालणारे स्थानिक लोक बरोबर होते. आणि तीन, खांद्यावर जुन्या कर्जाचं ओझं नव्हतं. कॅनवेस्टला बुडवलं ते कर्जाने, बातम्यांनी नव्हे. हे तिन्ही नसतील तर भावनेच्या भरात चेकबुक काढू नका, बॉस!

पण समजा तिन्ही आहेत. तरी चौथी गोष्ट लागतेच, आणि ती बॅलन्स शीटवर दिसत नाही. त्या ४० जणांना माहीत होतं की आपण नसलो तर सकाळी फेरी रद्द झाल्याचं बेटावर कुणी सांगणार नाही. आपल्या कामावाचून कुणाचं तरी अडतं, याची त्यांना खात्री होती. साडेबारा हजार डॉलर त्यांनी त्या खात्रीवर लावले.

पुढच्या वेळी ऑफिसच्या टाउन हॉलमध्ये कुणी 'वी आर अ फॅमिली' म्हणालं, की मनातल्या मनात हा हिशेब करून बघा. आपण उद्या आलो नाही, तर कुणाचं काय अडेल? उत्तर पटकन आलं, तर तुमची नोकरी झकास आहे. नाही आलं, तर बायोडेटा अपडेट करायला हरकत नाही. त्याला तर दोन डॉलरही लागत नाहीत!