विश्लेषण : लहान घरात छंदाचे टेबल कुठे मांडायचे?

नेरळच्या वन आरकेमध्ये शिवणकामाला किंवा चित्रकलेला वेगळी खोली कुठून आणणार? घरातले जुने लाकडी कपाट हे काम करू शकते.

कपाटाचे टेबल कसे होते?
मधला कप्पा काढून जमिनीपासून सुमारे ७५ सेंटिमीटर उंचीवर फळी बिजागरीने जोडावी, दोन्ही बाजूंना साखळी लावावी. फळी खाली घेतली की टेबल, उचलून दार लावले की पुन्हा कपाट. अर्धवट काम ट्रेसकट वरच्या कप्प्यात ठेवता येते.

धोका कोणता?
फळीवर भार दिला की कपाट पुढे कलंडू शकते. त्यामुळे ते वरच्या बाजूने लांब स्क्रूने भिंतीला पक्के करणे आवश्यक आहे. घरात लहान मुले असतील, तर यात चालढकल नको.

नेरळमध्ये वेगळी काळजी का?
माथेरानच्या पायथ्याशी पाऊस इतका, की मिनी ट्रेनची नेरळ ते अमन लॉज सेवा पावसाळ्यात बंद ठेवतात. ओल्या भिंतीला टेकलेल्या कपाटाला मागून बुरशी लागते. म्हणून मध्ये लाकडी ठोकळे देऊन ५ सेंटिमीटर फट ठेवावी. स्क्रू ठोकळ्यांतूनच न्यावेत. कापलेल्या कडांना वॉर्निश द्यावे, कारण उघडी कड ओल शोषते. भिंत कोरडी असते तोवर, मे महिन्यातच हे उरकावे.